पट्ट्याची तार

माझा धाकटा भाऊ नालायक आहे, हे मी गेली आठ वर्षं भेटेल त्याला सांगत आलोय. आता ऐकणारे फारसे उरलेले नाहीत. गिऱ्हाइकं मान डोलावतात आणि स्पीकर कधी बसणार ते विचारतात. ऐकून घेणारी एक ताई तेवढी होती, आणि तीसुद्धा मध्येच म्हणायची, "मोठ्या, आधी जेव. शिव्या नंतर दे, त्या काही गार होत नाहीत."

ताई आम्हा दोघांहून मोठी. मी तिचा मोठ्या आणि तो तिचा छोट्या. मी साठीला टेकलो, त्याचे केस माझ्याहून जास्त पिकले, तरी ही नावं काही सुटली नाहीत. दर सोमवारी दुपारी मी तिच्याकडे जेवायला जायचो, दर गुरुवारी तो. आठ वर्षांत आमची तिथे एकदाही गाठ पडली नाही, कारण ताईने ती पडू दिली नाही. बायको गेल्यापासून मी एकटा राहतो. घरात माझ्याशिवाय कुणी बोलत नाही, आणि मी बोलतो ते नळाशी नाहीतर कुलपाशी. आठवड्यातून एकदा कुणीतरी "अजून घे ना" म्हणायचं, तो सोमवार. उरलेले सहा दिवस मी त्याच्या जिवावर काढायचो. हे दुसऱ्याने सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

भांडण कशावरून झालं तेही सांगतो, म्हणजे न्याय करायला तुम्ही मोकळे.

आमचा धंदा स्पीकर बसवायचा. सभागृहं, दवाखाने, दुकानं, घरं. बाबांनी सुरू केला, आम्ही दोघांनी वाढवला. स्पीकरच्या वायरीत दोन तारा असतात, एक साधी काळी आणि एक पांढऱ्या पट्ट्याची. एक प्लसला लावायची, दुसरी मायनसला. कुठली कुठे, याला देवाघरचा नियम नाही. आवाज वाढवणाऱ्या मशीनच्या टोकाला जशी लावली तशीच स्पीकरच्या टोकाला लावली की झालं. बाबा म्हणायचे, पट्टा तो प्लस. मी तेच करत आलो. छोट्या कुठल्याशा कंपनीत महिनाभर शिकून आला आणि सांगायला लागला, पट्टा तो मायनस, आता सगळीकडे असंच करतात. इथवर मी मूग गिळून होतो. पण एका दवाखान्यात, डॉक्टर, त्याची बायको, दोन नर्सा आणि खुर्च्यांवर बसलेले दहा-बारा पेशंट या सगळ्यांच्या देखत तो म्हणाला, "बाबांना कळत नव्हतं आणि आमच्या दादालाही कळत नाही." बाबांना जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. मी त्याच्या थोबाडीत मारली. शिडीवरून खाली उतरून मारली, म्हणजे वाटेत विचार करायला वेळ होता.

त्याने गालाला हातसुद्धा लावला नाही. हत्यारांची पेटी उचलली आणि चालायला लागला. नंतर त्याने वेगळं दुकान काढलं. मी पाटीवरचं "बंधू" खरवडून काढलं. त्या दिवसापासून आमच्यात शब्द नाही.

आता भाऊजींची गोष्ट. ताईचा नवरा, आमचे भाऊजी, बागा आखायचे. जन्मभर लोकांच्या बागा आखल्या आणि उरल्या वेळात घरामागे स्वतःची आखली. वळत जाणारी फरशीची वाट, गुडघाभर उंचीच्या दगडी भिंती, दोन्ही अंगांना झुडपं, उथळ पाण्याचं कुंड आणि बरोबर मधोमध एक दगडी बाक. दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली. पूर्ण गेली. बाग मात्र त्यांच्या पायांना पाठ आहे. काठी न घेता फिरतात आणि कुठलं रोप पाण्यावाचून आहे ते पान चोळून सांगतात. दिवसभर त्यांना पुस्तकं ऐकायची असतात. कानात इअरफोनचे बोळे घातले की बाग ऐकू येत नाही म्हणतात. हातातला छोटा स्पीकर कुठेतरी ठेवतात आणि मग तो सापडत नाही. एकदा तो कुंडात सापडला. तेव्हा ताईने ठरवलं की बागेतच स्पीकर बसवायचे.

मला तिने हे एका सोमवारी जेवताना सांगितलं. मी म्हणालो, चार दिवसांत बसवून देतो.

"दोघांनी मिळून बसवायचे," ताई म्हणाली.

मी घास खाली ठेवला. "माझ्यात काय कमी आहे?"

"तुझ्यात काही कमी नाही. माझ्यात आता दम कमी आहे. सत्तरी आली माझी. यांना सांभाळायचं, घर सांभाळायचं, आणि वर दोन घोड्यांना दोन दिवस वेगळा चारा घालायचा. सोमवारी तू त्याला शिव्या देणार, गुरुवारी तो तुला. मी काय कचऱ्याची पेटी आहे?"

"तो मला शिव्या देतो?"

"तुझ्यापेक्षा जरा बऱ्या भाषेत देतो. ऐक. या रविवारी नाही, पुढच्या रविवारी मी चार ताटं मांडणार. बागेत आवाज नीट आला, तर चौघं एका टेबलाशी बसू आणि पुढे दर रविवारी तसंच. नाही आला, तर तुझा सोमवार बंद आणि त्याचा गुरुवारही बंद. फोन करा, चौकशी करा, दारात मात्र येऊ नका."

"ही धमकी झाली."

"हो," ताई म्हणाली. "अजून घे ना."

मी घेतलं. पण ताई बोलते ते करते, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

ती गुरुवारी त्यालाही हेच बोलली. तो हो म्हणाला हे ऐकून मला आश्चर्य वाटलं आणि रागही आला. नाही म्हणाला असता तर दोष सरळ त्याच्या माथी गेला असता.

आम्ही बोलत नव्हतो, म्हणून ताईने फ्रिजवर एक कागद चिकटवला. काय सांगायचं ते लिहा म्हणाली. पहिली ओळ त्याची: "मोठे दोन. छपराखाली." मी खाली लिहिलं, "लहान दहा. झुडपांत." दुसऱ्या दिवशी त्याखाली, "दहा ठिकाणी पाणी शिरेल." मी लिहिलं, "दोनांचा आवाज वाढवला तर घरात शेजारी शिरतील."

इथे मी बरोबर होतो आणि तो चूक, हे कुणालाही विचारा. खोलीत भिंती असतात, आवाज त्यांच्यावर आपटून परत येतो. बागेत गेला तो गेला. दोन मोठे स्पीकर घराला लावले तर घराजवळ कान फुटतात आणि टोकाला नुसती कुजबुज पोचते. त्यापेक्षा थोड्या थोड्या अंतरावर लहान स्पीकर ठेवायचे, हळू वाजवायचे, तोंडं घराकडे करायची. माणूस चालत राहतो आणि आवाज त्याच्याबरोबर चालत राहतो. ताईने दोघांचा माल एकेक दिवस मांडून बघितला. भाऊजी वाटेने दोनदा फिरले. त्याच्या मोठ्या स्पीकरांना म्हणाले, "हा माणूस माझ्या अंगावर ओरडतो आणि मग अचानक निघून जातो." माझ्या लहानांना काहीच म्हणाले नाहीत, ऐकत बसले. कागदावर त्याची ओळ आली: "ठीक. दहा." तो कागद मला घडी करून खिशात ठेवावासा वाटला होता.

ताईला दगडासारखे दिसणारे स्पीकर आवडले होते, कुठल्यातरी जाहिरातीत बघितलेले. भाऊजी म्हणाले, "बागेतला एकेक दगड माझ्या ओळखीचा आहे. हे नवे कुठून आले म्हणून मी त्यांच्यावरच पडेन." तेव्हा खुंट्यांवर बसणारे हिरवे घेतले, झुडपांच्या पोटात दडणारे, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीचे.

कामाची वाटणी ताईने केली. सकाळी आठ ते एक मी, दुपारी दोन ते सहा तो. मधला एक तास म्हणजे आमच्यातली सरहद्द. बागेचा डावा भाग माझा, पाच स्पीकर. उजवा त्याचा, पाच स्पीकर. स्वयंपाकघराशेजारच्या अडगळीच्या खोलीत मशीन, ते त्याचं. दोन्ही बाजूंच्या वायरी मशीनला तोच जोडणार. आम्ही एकत्र होतो तेव्हाही बाहेरचं माझं आणि आतलं त्याचं असंच होतं.

मी हातभर खोल चर खणला, मुळांना वळसा घालून. पाइप टाकला, त्यातून वायर ओढली, प्रत्येक स्पीकरपाशी जोड दिला आणि जोडावर पाणी शिरू नये म्हणून चिकट मलम भरलेली टोपी दाबून बसवली. वायरीचं दुसरं टोक गुंडाळी करून अडगळीच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवून द्यायचं. आत पाऊल टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी आलो की तो येऊन गेल्याच्या खुणा दिसायच्या. माझं फावडं चिखलात पालथं, माझ्या चरावर त्याच्या बुटाचा ठसा. कागदावर एकदा होतं, "डावीकडचा चौथा वाकडा." मी पट्टी लावून बघितलं. दोन बोटं वाकडा होता. मी तो सरळ केला आणि कागदावर लिहिलं, "सरळच होता."

त्याचं कामही मी तपासलं, न तपासून कसं चालेल? उजवीकडचा एक खुंटा हलवून बघितला. हलला नाही. खोल ठोकला होता, बाबा ठोकायचे तसा. मला त्याचा आणखीच राग आला.

दुसऱ्या आठवड्यात गुरुवारी काम संपलं. मला सामान आवरायला उशीर झाला, दोन वाजून गेले, आणि तो आला. मी कुंडामागे होतो. तो सरळ अडगळीच्या खोलीत गेला. भाऊजी बाकावर बसले होते, ताई दारात. थोड्या वेळाने माझ्या स्पीकरांतून खरखर आली आणि पाठोपाठ त्याचा आवाज. "एक. दोन. तीन."

आठ वर्षांनी ऐकत होतो. माझ्याच हाताने ठोकलेल्या पाच खुंट्यांवरून माझा भाऊ आकडे मोजत होता. आवाज जरा बसलाय, खोकला झाला असावा, असं माझ्या मनात आलं. लगेच मी मनाला दटावलं की खोकला झाला असेल तर बरंच झालं.

"आवाज आहे," भाऊजी बाकावरून म्हणाले. "पण पोकळ आहे. बोलणारा कुठे उभा आहे तेच कळत नाही. डावीकडे सरकलो की नीट. उजवीकडे सरकलो की नीट. इथे मध्येच कुणी नाही."

मला तत्काळ कळलं. या धंद्यात ज्याने दोन वर्षं काढलीत त्यालाही कळलं असतं. एका बाजूचे स्पीकर हवा पुढे ढकलत होते, त्याच वेळी दुसऱ्या बाजूचे मागे ओढत होते, आणि बरोबर मध्ये दोघं एकमेकांना खात होते. मी माझ्या पाच स्पीकरांना बाबांच्या नियमाने पट्टा प्लसला लावला होता. तो मशीनपाशी बसून माझ्या वायरीचाही पट्टा मायनसला लावून मोकळा झाला होता. माझी वायर आहे म्हटल्यावर तो माझा नियम पाळेल असं मी धरून चाललो. मशीन त्याचं आहे म्हटल्यावर मी त्याचा पाळेन असं तो. जगात दुसऱ्या कुणीही दोघांनी हे काम केलं असतं तर एकाने दुसऱ्याला एवढंच विचारलं असतं, "पट्टा कुठे?" दोन शब्द. ते दोन शब्द आम्हाला जड झाले.

मी कागदावर लिहिलं, "मशीनकडे बघावं." संध्याकाळी त्याखाली उत्तर आलं, "बागेकडे बघावं."

शुक्रवारी ताईचा फोन. "काय बिघडलंय?"

"त्याला विचार."

"त्याला विचारलं. तो म्हणाला तुला विचार."

"मग त्याला सांग, दोन स्क्रू फिरवायचेत. अर्ध्या मिनिटाचं काम."

"तो म्हणाला, ज्याची वायर त्याने फिरवावी."

"म्हणजे मी पाच जोड उकरू? आणि हा आत खुर्चीवर बसून राहणार? बाबांचा नियम मोडून वर..."

"मोठ्या," ताई म्हणाली, "रविवार परवा आहे." आणि तिने फोन ठेवला.

शनिवारचा दिवस मी दुकानात काढला. काम नव्हतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते माझ्यासारख्यांसाठीच. पण त्या दिवशी मी सरळ हिशेब मांडला. एका पारड्यात बाबांचा नियम, दुसऱ्यात ताईचं दार. ते दार बंद झालं तर मी कुणाकडे जाणार? नळाकडे? बाबा असते तर त्यांनी काय केलं असतं हे मला नेमकं ठाऊक होतं. त्यांनी नियम खड्ड्यात घातला असता आणि मुलीकडे जेवायला गेले असते.

रविवारी उजाडताच मी मागच्या फाटकाने बागेत शिरलो. ताईला आदल्या दिवशी सांगितलं होतं की थोडं काम राहिलंय, कुलूप लावू नकोस. पाचही जोड उकरले. टोप्या कापल्या, तारा उलट्या केल्या, नव्या टोप्या बसवल्या. पट्टा मायनसला. पहिल्या जोडाला त्याला चार शिव्या घातल्या. पाचव्यापर्यंत नुसते गुडघे दुखत होते. माती परत दाबून बसवली, वर वाळकी पानं पसरली. त्याला कळूही द्यायचं नव्हतं. आवाज नीट आला की तो समजेल, नाही समजला तर गेला उडत. मी वाकलो होतो, आणि वाकलेलं कुणी बघितलं नव्हतं, याचं मला बरं वाटत होतं.

अकराला आम्ही चौघं जमलो. तो बागेच्या उजव्या टोकाला, मी डाव्या. त्याने नवा शर्ट घातला होता. चेहऱ्यावर एक समाधान होतं, ते बघून माझं डोकं तापायला लागलं. खिडकीतून आतलं टेबल दिसत होतं. चार ताटं, चार पेले. ताईने अडगळीच्या खोलीत जाऊन भाऊजींचं पुस्तक लावलं. कुणी बाई शांतपणे वाचत होती. भाऊजी बाकावर बसले, मान तिरकी केली, जरा डावीकडे सरकले, परत मधोमध आले.

"तसंच आहे," ते म्हणाले. "काही फरक नाही."

मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. आठ वर्षांत पहिल्यांदा सरळ डोळ्यांत. त्याचं समाधान उतरलं होतं आणि तिथे निव्वळ द्वेष होता. माझ्याही तोंडावर तोच असणार, आमची तोंडं सारखीच आहेत.

"ताई, याला सांग," मी ओरडलो, "हा मुद्दाम करतोय! याला नकोच आहे व्हायला!"

"ताई, दादाला सांग," तो ओरडला, "माणसाने किती आडमुठं असावं त्याला काही सुमार आहे! बहिणीच्या घरीसुद्धा!"

"मी आडमुठा? कुत्र्याचं शेपूट बरं तुझ्यापेक्षा!"

"बस!" ताई म्हणाली. ती मोठ्याने बोलली नाही. पुस्तक बंद केलं, आत गेली आणि टेबलावरची ताटं उचलायला लागली. एकात एक ठेवताना त्यांचा आवाज येत होता. भाऊजी मान खाली घालून बसून राहिले.

तो आवाज मला सहन होईना. मी तरातरा अडगळीच्या खोलीत शिरलो. म्हटलं, बघूच काय लावून ठेवलंय, चोराला रंगेहाथ धरतो आणि ताईला हाताला धरून दाखवतो. मशीन भिंतीला पाठ टेकवून होतं. मागची बाजू वळवली. दोन वायरी. उजवीकडची त्याची, पट्टा मायनसला. डावीकडची माझी.

पट्टा प्लसला.

मी वाकून पुन्हा बघितलं. स्क्रूच्या खाचांवर ताजे ओरखडे होते. त्याच्या बाजूचे स्क्रू जुन्यासारखे मळलेले, माझ्या बाजूचे चकचकीत. कुणीतरी ते एकदा लावून, परत सोडवून, परत लावले होते. मी तिथेच उलट्या बादलीवर बसलो.

दारात त्याची सावली पडली. "सापडलं का काही?" तो म्हणाला. मला म्हणाला. मध्ये ताई नव्हती.

"ही कधी फिरवलीस?"

"काल दुपारी." वायरीकडे बोट दाखवून म्हणाला, "तुझ्या बाजूला तुझा नियम. बाबांचा. म्हटलं, मरू दे."

"मी आज सकाळी फिरवली. बागेत. पाचही जोड. तुझा नियम."

तो खिडकीपाशी गेला, डावीकडच्या झुडपांकडे बघितलं, माझ्या पँटीच्या गुडघ्यांवरच्या चिखलाकडे बघितलं.

"मूर्ख आहेस," तो म्हणाला.

"तू कोण मोठा शहाणा?"

"सांगायचं होतंस."

"तू सांगायचं होतंस."

त्याने खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, मला कोपराने बाजूला सारलं आणि माझी वायर सोडवून पट्टा मायनसला लावला. दोन स्क्रू, अर्धं मिनिट. मग उठला, हात पुसले.

"झालं. आता येईल आवाज. ताईचं काम झालं, मी निघतो."

"जेवायचंय," मी म्हणालो.

"आवाज आला तर एका टेबलाशी बसायचं, असं तिने ठरवलं. मला कुणी विचारलं नव्हतं. भाऊजींना ऐकता यावं म्हणून मी आलो. तुझ्याबरोबर बसायला नाही."

"मग ती तुझाही गुरुवार बंद करेल."

"करू दे. तू ज्या टेबलाशी बसला आहेस तिथे मला घास उतरायचा नाही. तू मारलंस तेव्हा मी एवढा घोडा झालो होतो. माझी मुलगी त्या डॉक्टरच्या मुलीबरोबर शाळेत होती, तिला वर्गात विचारलं पोरींनी. घरी येऊन मला म्हणाली, बाबा, तुम्हाला काकांनी का मारलं?"

हे मला माहीत नव्हतं. आठ वर्षांत मी त्या थोबाडीचा खूप विचार केला होता. माझी बाजू किती बरोबर होती याचाच. त्या मुलीला मी खांद्यावर बसवून फिरवलेलं आहे.

"चुकलो मी," मी म्हणालो.

तो हसला, वाईट हसला. "मारलंस चार माणसांत, आणि चुकलो म्हणतोस अडगळीत? बादलीवर बसून?" तो दाराकडे वळला. "बाकापाशी उभा राहतो. तू इथून आवाज दे, तपासतो आणि जातो."

तो गेला. मशीनवर तपासणीचा माईक पडलेला होता. मी तो उचलला. लहानशा खिडकीतून बाग दिसत होती. भाऊजी बाकावर, तो त्यांच्या मागे पाठमोरा उभा, गाडीची किल्ली हातात. ताई ताटांची चवड घेऊन मागच्या दारात आलेली. मागच्या भिंतीपलीकडे शेजारीण कपडे वाळत घालत होती.

मी बटण दाबलं. "एक," म्हणालो. "दोन." तीन म्हणायचं होतं ते म्हटलंच नाही.

"मी आठ वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाला दवाखान्यात सगळ्यांच्या देखत थोबाडीत मारली," मी म्हणालो. दहा खुंट्यांवरून माझा आवाज बागभर गेला आणि मलाच खिडकीतून परत ऐकू आला. "तो बोलला ते मला झोंबलं होतं. पण मारायला नको होतं. चूक माझी होती. त्याच्या मुलीला हे कुणीतरी सांगा. नको, मीच सांगेन. चूक तिच्या काकाची होती."

शेजारणीच्या हातातला कपडा तसाच राहिला. ताई हलली नाही. भाऊजींनी मान वर केली होती, आणि त्यांचं तोंड डावीकडे नव्हतं, उजवीकडे नव्हतं, अगदी सरळ समोर होतं. तो पाठमोराच उभा होता. मला त्याचे फक्त खांदे दिसत होते. किल्ली त्याने मुठीत धरली होती.

मग तो मागे न वळता ओरडला, "डावीकडचा तिसरा वाजत नाहीये! परत बोल!"

तिसरा वाजत होता. मी सकाळी माझ्या हाताने बांधलेला जोड होता तो. भाऊजींनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. त्यांच्या कानाला तर नक्कीच कळलं असणार. ताईने एक हात मोकळा करून त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि ते गप्प राहिले.

मी माईक तोंडाजवळ धरला आणि पहिल्यापासून परत बोललो, या वेळी सावकाश.